नोंद घेणार : नलू

नलू,

हे तुझ्यावरच लिहिलं आहे, तेव्हा पहिल्यांदा तुझ्याच हातात देते. मग कोणी वाचायचं ते तू ठरव. नको वाटलं तर फाड, मी विचारायला येणार नाही. गेली अकरा वर्षं तू वाचनालयात आहेस आणि जुलैपासून तिथे लोकांची मतं उतरवून घेतेस. कुणाला कादंबरी रडकी वाटली, कुणाला पिच्चरमधली हिरॉइन जाड वाटली, कुणाला शेवट पटला नाही. सगळं तुझ्या त्या उभ्या, गोल अक्षरात. एखाद्या पानावर तुझं मत सापडेल म्हणून परवा मी वही चाळली. नाही सापडलं. पानाच्या तळाला फक्त 'नोंद घेणार' आणि पुढे तुझी सही. मला राग आला. तुझा नाही. बरं, थोडा तुझाही.

तुझी गोष्ट तुलाच 'तू असं केलंस, तू तसं केलंस' म्हणून सांगण्यात काय हशील? ती तुला पाठ आहे. म्हणून नलू ही कोणी तिसरीच बाई आहे असं धरून सांगते. स्वतःलाही 'मॅडम'च म्हणते. तुम्ही सगळे तेच म्हणता, आणि या गोष्टीत मी त्याहून जास्त कोणी नव्हते.

*

नेरच्या बसस्टँडमागे एका दुमजली इमारतीत खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर वाचनालय. वाचनालयात नऊ हजार पुस्तकं, चार पंखे, त्यातले दोन फिरणारे, आणि नलू. वय त्रेचाळीस. सकाळी साडेआठला ती कुलूप काढते, पेपर दांड्यांना लावते, खिडकीतल्या पारव्यांना हाकलते आणि टेबलाशी बसते. पुस्तक मागायला येणाऱ्याला ती नंबर विचारत नाही. माणूस बघूनच कार्ड काढते.

तिचा नवरा इंद्रजित आठ वर्षांपूर्वी सुरतला गेला. साड्यांच्या पॅकिंगचं काम होतं. पहिली दोन वर्षं दिवाळीला आला. तिसऱ्या दिवाळीला फोन आला, चौथ्या दिवाळीला तोही नाही. नंबर बदलला होता. मेला नाही हे माहीत होतं, कारण नेरचं कोणी ना कोणी सुरतला जायचं आणि येऊन सांगायचं, "दिसला होता. बरा हाय." बरा आहे! एवढ्या दोन शब्दांवर नलूने सहा वर्षं काढली.

घरात सासरे भगवानराव, मुलगी खुशी आणि ती. सासू आधीच गेलेली. भगवानराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून डबलबेलसारखा खणखणीत. माणूस वाईट नाही. तीच तर अडचण. वाईट असते तर नलू केव्हाच निघाली असती. पण ते बसस्टँडवर, देवळात, चहाच्या टपरीवर सांगत फिरायचे, "माही सून नाही, पोरगी हाय ते. दुसरी असती त केव्हाचीच गेली असती." जो माणूस रोज चार लोकांत असं म्हणतो, त्याच्या घरातून बॅग उचलून निघायचं कोणत्या तोंडाने?

एकदा निघाली होती. नवऱ्याचा फोन बंद झाला त्या वर्षी खुशीला घेऊन घाटंजीला भावाकडे गेली. आठ दिवस भावजयीने पाहुणीसारखं केलं, पुरणपोळी झाली, वडे झाले. नवव्या दिवशी तिने पोळी वाढता वाढता विचारलं, "मग, जावईबापू कधी येऊन राह्यले न्यायाले?" दहाव्या दिवशी नलू नेरच्या बसमध्ये होती. स्टँडवर भगवानराव हजर. त्यांनी बॅग घेतली आणि म्हणाले, "झाली का मौज?"

तेव्हापासून नलूने ठरवलं, आता निघायचं ते कोणाच्या दाराशी नाही, नोकरीवर. आणि नोकरी अशी की राहायला खोली मिळेल. तिने ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, सुट्टीच्या दिवशी यवतमाळला जाऊन. भगवानरावांना वाटायचं वाचनालयाचंच काही काम आहे. खुशी दहावी झाली की अकरावीला यवतमाळला घालायची आणि दोघींनी तिथेच राहायचं. हे फक्त मॅडमला माहीत होतं. मॅडम कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला फटकळ, रोज वाचनालयात येऊन पेपरातल्या चुकांखाली रेघा मारणाऱ्या. नलू त्यांना दोनदा ओरडली होती, त्यामुळे दोघींचं जमलं.

*

वर्षातून एकदा वाचनालयाच्या तपासणीला साहेब येतात. पुस्तकांपेक्षा त्यांना उपक्रम आवडतात. कोणीतरी प्रोजेक्टर देणगी दिला होता, तेव्हा मॅडमनेच सुचवलं: महिन्यातून एका रविवारी दुपारी एक पिच्चर किंवा एक पुस्तक घ्यायचं, विषय एकच, घरी परत येणं, आणि नंतर प्रेक्षकांनी बोलायचं. अध्यक्ष खूश. नलूने वहीत रकाने आखले: क्रमांक, नाव, वय, गाव, अभिप्राय, सही. शिवाय बोलणाऱ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा आणि वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. तेही काम नलूचंच. तिचा हात हलत नाही म्हणे.

पहिला पिच्चर जुलैत झाला. खिडक्यांना चादरी बांधल्या, पन्नास-पंचावन्न माणसं आली. पडद्यावर एक फौजी गावी परतला, आईने तुकडा ओवाळून टाकला, बायको दाराआडून बघत राहिली, पिच्चर संपला. शंकरसिंग पहिला उठला. तांड्यावरचा मुकादम, दरसाल ऊसतोडीची टोळी घेऊन जाणारा.

"आमी दरसाल परत येतो," तो म्हणाला. "चाळीस-चाळीस मानसं एका ट्रकात. उतरलं का पह्यले घरातले साप-विंचू पाहा लागते, मंग चूल लिपा लागते. ओवाळाले कोन रिकामं हाय? आमच्यावर काहून नाही काढत पिच्चर?"

"तुमचा पिच्चर काढला त पायाले कोन येईन, मुकादम?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुमी नोका येऊ. आमी चाळीस येऊ ना."

नलूने सगळं लिहिलं, 'चाळीस येऊ' सुद्धा.

दुसऱ्या पिच्चरला अमेरिकेतला इंजिनिअर शेतीवर परतला. शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बेबीताईंनी माईक हातात घेतला तो सोडेनात.

"मले एक सांगा. मानूस घरी परत आला का त्याच्यावर पिच्चर. बाई घरी परत आली का तिची चौकशी. काहून आली, कोनं टाकली, कधी जाशीन. मी सोता तीन बारी परत आली माहेरी. कोनं फुलं टाकले काय माह्यावर?"

हॉल हसला. नलू खाली मान घालून लिहीत होती. 'फुलं' लिहिताना तिचा पेन एकदा थांबला, एवढं मॅडमने पाहिलं.

सप्टेंबरात एक पुस्तक झालं, गावी परतणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराचं. त्यावर मॅडम बोलल्या. त्यांचा अभिप्राय वहीत आहे, तो असा: 'या सर्व कथांमध्ये मनुष्य शेवटच्या वीस मिनिटांत परत येतो. पुढचा सोमवार कोणीही दाखवत नाही. प्रेक्षकांनी रडण्याआधी सोमवारचा विचार करावा.' टाळ्या फार पडल्या नाहीत.

*

ऑक्टोबरातला पिच्चर बाप-लेकाचा होता. लेक दहा वर्षांनी येतो, बापाची नजर गेलेली, तो हाताने लेकाचं तोंड चाचपतो. दिवे लागले तेव्हा अर्धा हॉल नाक पुसत होता. भगवानराव उठले. दर वेळी ते पहिल्या रांगेत असत, पण बोलत नसत. त्या दिवशी माईककडे गेले. नलूने सवयीने मोबाईल धरला. सासऱ्यांची मान खाली होती, चेहरा दिसेना, म्हणून ती म्हणाली, "मामाजी, इकडं पाहून बोला."

भगवानरावांनी इकडे पाहिलं.

"मी कंडक्टर होतो. बत्तीस वर्षं लोकाइले त्याइच्या गावी उतरून देल्लं. माहा सोताचा पोरगा मात्र उतरलाच नाही. पन मी सांगतो, बाप माफ करते. अन् माही सून... आठ वर्षं झाले, आजबी आमचं दार आतून लागत नाही. तो कवाबी येईन म्हून."

बेबीताईंनीसुद्धा पदर डोळ्याला लावला.

खरं असं होतं की त्या दाराची आतली कडी दोन वर्षांपासून मोडलेली होती. नलूने चारदा सांगितलं होतं, "मामाजी, सुताराले बलवा." ते "बलवतो" म्हणायचे. ती झोपताना दाराला पाट टेकवून ठेवायची, कुत्री आत येऊ नयेत म्हणून.

पण व्हिडिओत पाट नव्हता. एक मिनिट चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ नलूने नियमाप्रमाणे ग्रुपवर टाकला. ग्रुपवरून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या. आठव्या दिवशी सुरतेत साड्यांच्या गाठोड्यांवर बसून इंद्रजितने तो पाहिला.

त्याच आठवड्यात नलूच्या हाती जाहिरात लागली होती. यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला वाचनालय सांभाळायला बाई हवी होती. अभ्यासक्रम केलेली, अनुभव असलेली. राहायला खोली. कागद स्वतः किंवा कोणाच्या हाती आणून द्यायचे, पोस्टाने नाही. शेवटची तारीख पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार. नलूने जाहिरात तीनदा वाचली. पेपर वाचनालयाचा म्हणून कापला नाही, हाताने उतरवून घेतली. मॅडमला दाखवली तेव्हा तिच्या गालावर शाईचा डाग होता आणि ती हसत होती. एवढ्या वर्षांत मॅडमने तिचे मागचे दात पहिल्यांदा पाहिले.

"खोली एकच हाय, मॅडम. पन आतून कडी असन ना?"

"असेल बाई. नसली तर मी बसवून देईन."

*

मंगळवारी अकरा वाजता खुशीचा फोन आला. "आई, पप्पा आले. आबा रडून राह्यले. मी काय करू?"

"अभ्यास कर," नलू म्हणाली.

साडेबाराला नेहमीच्या वेळेलाच तिने कुलूप लावलं. घरी पोचली तो दारात पंधरा-वीस चपला. इंद्रजित खुर्चीवर बसला होता, वाळलेला, कानशिलं पांढरी, गुडघ्यावर साड्यांचं पाकीट. नलूला वाटलं होतं राग येईल. आला नाही. बँकेत आपला नंबर येता येता खिडकी बंद व्हावी, तसं काहीतरी झालं.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "तू वाट पाह्यत होती. म्या व्हिडिओ पाह्यला."

"ते मामाजी बोलत होते."

"काढला त तूच ना. तुहा आवाज आला. 'इकडं पाहून बोला.' तो ऐकला अन् म्या गाठोडं बांधलं."

आवाज तिचाच होता.

दुसऱ्या दिवशीपासून तो तिला वाचनालयात सोडायला आणि न्यायला यायला लागला. भगवानरावांनीच सांगितलं होतं, "तिले एकटी जाऊ देजो नोको. लय सोसलं तिनं." खाली झेरॉक्सच्या दुकानात तो स्टुलावर बसून राहायचा. पाणी आणायला नलू खाली उतरली की उठून उभा राहायचा. वाचक जिन्यात त्याच्याशी हात मिळवून वर यायचे आणि नलूकडे बघून हसायचे. सगळ्यांनी पिच्चर पाहिलेला होता ना. पडद्यासमोर अडवून धरलेलं रडू त्यांना आता नेरमध्येच, पायऱ्यांवर, मोकळं करायला मिळालं होतं.

नोव्हेंबरातला पिच्चर त्या रविवारी लागला. तो कशावर होता हे कोणाला आठवणार नाही, कारण माना सगळ्या इंद्रजितकडे वळलेल्या. पिच्चर संपल्यावर अध्यक्षांनी त्याला समोर बोलावलं आणि शाल, नारळ देऊन त्याचा सत्कार केला. 'आपल्या उपक्रमाचं हे मूर्तिमंत यश' वगैरे वगैरे.

"घ्या!" बेबीताई मॅडमच्या कानात म्हणाल्या. "जो गेला त्याले शाल, अन् जे कोठीच गेली नाही तिले मोबाईल धराले ठेवलं."

अध्यक्ष म्हणाले, "नलूताई, तुमीबी बोला दोन शब्द."

"मी लिहून राह्यली," नलू म्हणाली.

मग इंद्रजितला अभिप्राय विचारला. त्याने माईक दोन्ही हातांनी धरला.

"पिच्चर चांगला हाय," तो म्हणाला. "पन तो पोट्टा लवकरच घरात गेला. इतकं लवकर जाता येत नाही. मी आपल्या घरासमोर आलो त दार नुसतं लोटलेलं होतं. तरी मी बाहीर लय वेळ उभा होतो. शेजारची बाई म्हणाली, कोन पाह्यजे? त मले माहं नावच सांगता येईना."

मॅडम इतिहासाच्या. चाळीस वर्षं पोरांना सांगत आल्या की साक्षीदाराच्या गहिवरावर जाऊ नका, पुरावा बघा. त्यांच्या चष्म्याची काच धूसर झाली. त्यांनी ती पुसली, आणि मनात म्हणाल्या, माणूस अगदीच वाया गेलेला दिसत नाही. हे त्या म्हणाल्या, सोमवारचा विचार करा म्हणून वहीत लिहून ठेवणाऱ्या.

नलूने नवऱ्याचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलं. क्रमांक सतरा. सही त्याची घेतली. खाली स्वतःची केली.

*

बुधवारी नलू मॅडमना शब्दकोशांच्या कपाटाआड घेऊन गेली. खाली स्टुलावर इंद्रजित होता. तिने ब्लाउजमधून नाही, चक्क 'दिवाळी अंक' लिहिलेल्या फाइलमधून खाकी पाकीट काढलं. अर्ज, प्रमाणपत्राची प्रत, अध्यक्षांकडून 'तपासणीसाठी' म्हणून घेतलेला अनुभवाचा दाखला.

"मॅडम, तुमी उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाता ना यवतमाळले? एवढं वसतिगृहात देऊन द्या. शनिवार शेवट हाय. मी गेली त हे बी संगं येतीन, अन् मंग काय सांगू त्याइले?"

मॅडमने पाकीट घेतलं. आणि विचारू नये ते विचारलं. "नक्की ना, नलू? परवा तो बोलला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. लिहिलं बी."

"मग?"

नलूने कपाटाच्या काचेवरून बोट फिरवलं, धूळ बघितली, पदराला पुसली. "पिच्चरमधली बाई दार उघडते अन् पिच्चर संपते," ती म्हणाली. "तिले कोनी इचारत नाही, का बाई, तू आता कोठी निघाली होती."

खालून हाक आली, "नलू, पानी पाह्यजे का वरतं?"

"नोको!" ती ओरडली, आणि टेबलाकडे गेली.

गुरुवारी मॅडम नऊच्या बसने यवतमाळला गेल्या. डॉक्टरने डोळ्यात थेंब टाकले, दोन तास सगळं धुकं. मग दत्त चौकातून ऑटो केला. वसतिगृहाचं फाटक आलं. ऑटोवाल्याने वेग कमी केला आणि विचारलं, "इथीच ना, आजी?"

फाटक उघडं होतं. आत एक बाई कपडे वाळत घालत होती. दहा पावलं, फार तर पंधरा. मॅडमच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये पाकीट. आणि डोक्यात नलूचं बोलणं असायला हवं होतं, तर तो माणूस होता, लोटलेल्या दारासमोर उभा, ज्याला स्वतःचं नाव सांगता येईना. एक रविवार जाऊ द्यावा, असं मॅडमना वाटलं. आठ वर्षं बाहेर राहिलेल्याला आठ दिवस द्यावेत. कोणी मागितले होते? ज्या बाईचे दिवस होते तिने नाही.

"चला पुढे," मॅडम म्हणाल्या. "स्टँडवर घ्या."

शुक्रवारी परत जाता आलं असतं. शनिवारीही. बस दर अर्ध्या तासाला आहे.

सोमवारी वाचनालयात गर्दी होती. तपासणीचे साहेब आलेले, वही उघडून अभिप्राय वाचत होते, मान डोलवत होते. इंद्रजितने सगळ्यांना चहा आणला. नलूने चहाचा कप मॅडमच्या हातात देताना हळूच विचारलं, "देल्लं ना, मॅडम?"

आणि मॅडम म्हणाल्या, "हो, दिलं."

*

नलू, त्याला आता तीन आठवडे झाले. तू मोबाईल वहीवर उताणा ठेवून बसतेस आणि अनोळखी नंबर दिसला की दोन रिंगांच्या आत उचलतेस. तिथून फोन येणार नाही. खोलीत आता दुसरी कोणी राहायला आली आहे, मी परवा चौकशी केली. तुझं पाकीट माझ्या पर्समध्ये आहे, चिकटवलेलं, तसंच. ते मी दिलं नाही.